हात लागेपर्यंत

"उठून काऊन नाई राह्यली पोट्टी?" जिजाबाई पुटपुटली आणि तिनं कुंपणाची तार घट्ट धरली.

मैदानात खो-खोची निवड चालली होती. एक इकडे तोंड करून, एक तिकडे, अशा आठ मुली चौकोनांत उकिडव्या बसल्या होत्या. तिसऱ्या चौकोनात तिची सुलोचना. मागून बंडोपंत वकिलांच्या माणिकनं "खो" असं ओरडून सांगितलं होतं. आता सुलोचनानं उठून पळणारीच्या मागं सुटायचं आणि माणिकनं तिच्या जागी बसायचं. पण पोरगी हललीच नाही. पळणारी हसत लांब निघून गेली आणि खेळाच्या शरयूबाईंनी शिट्टी फुंकली.

जिजाबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. आज खाडा करून नाचणगावहून पुलगावला चालत आली होती. सुलोचनासारखी पळणारी शाळेत दुसरी नाही, हे शरयूबाईच म्हणायच्या. इथं निवड झाली की वर्ध्याचे सामने, तिथं चमकली तर नागपूर. पण नुसत्या पायांवर मी कुणाला घेणार नाही, वागणूकही बघणार, उद्धट मुलगी मला संघात नको, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. तेव्हापासून जिजाबाई पोरीला पढवत होती. बाईंपुढं हात मागं बांधून उभं राहायचं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कुणी ढकललं तर आपणच सरकायचं. सुलोचनाच्या बापाला, रामाजीला, हे ऐकून संताप यायचा. मागल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती काय यासाठी, असं तो विचारायचा. दीक्षेला जिजाबाईही गेली होती, पांढरं लुगडं नेसून. आता कुणापुढं वाकायचं नाही, हे तिलाही पटलं होतं. कमरेला मात्र अजून पटायचं होतं.

ऐकू येत नाही का, असं बाईंनी विचारलं. सुलोचना उभी राहिली. हात मागं बांधून, खाली बघत म्हणाली, "बाई, हात नाई लागला."

खो देताना पाठीला हात लागलाच पाहिजे, त्याआधी उठेल ती चुकली, हे बाईंनीच शिकवलं होतं. माणिकचे कान लाल झाले. ती काही वाईट मुलगी नव्हती. अडलेली गणितं सुलोचनाकडूनच समजून घ्यायची, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून. पण घरी आजी होती, आणि शाळेत कुणाला शिवलीस का, हे विचारल्याशिवाय आजी पान वाढत नसे.

शरयूबाईंनी एकदा माणिककडे बघितलं, एकदा सुलोचनाकडे.

"आवाज ऐकलास ना? मग उठायचं. वाद नको. चला, पुन्हा."

डाव पुन्हा सुरू झाला. या खेपेला जिजाबाईची नजर पोरीच्या पाठीवरून हलली नाही. माणिक धावत आली. तिचा हात पुढं झाला आणि वीतभर अंतरावर थांबला, तव्याची धग लागावी तसा. "खो!"

असे थांबलेले हात जिजाबाईनं जन्मभर बघितले होते. पुडी वरूनच ओंजळीत टाकणारे, पाणी उंचावरून ओतणारे. तिला सगळं समजलं. आणि समजूनसवरूनही तिच्या तोंडातून निघालं,

"ऊठ ना वं माय. ऊठ."

सगळ्या मुलींनी वळून बघितलं. सुलोचनानंही. आईकडे क्षणभर बघून तिनं मान पुन्हा समोर केली आणि बसून राहिली.

निवडलेल्यांची नावं बाईंनी सांगितली, त्यांत सुलोचना नव्हती. मग बाई स्वतःहून तारेपाशी आल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, हळहळच होती.

"पाय सोन्याचे आहेत गं तिचे. पण इतका ताठा बरा नव्हे. हाकेला ओ द्यावी, एवढं तरी घरी शिकवायचंस."

तुम्ही पाह्यलं ना बाई, एवढंच जिजाबाईला विचारायचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते नेहमीचंच. "चुकलं बाई. लहान हाये. माफी करा."

बाई गेल्या. त्यांच्या मागंच सुलोचना उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माघारी गेली आणि रिकाम्या मैदानात आपल्या चौकोनात जाऊन बसली.

जिजाबाई पदर सावरून तारेखालून आत शिरली. बाप वाट पाहत असेल, घरी चल, असं म्हणून बघितलं. पोरगी ढिम्म. शेवटी शेजारच्या चौकोनात तीही बसली.

"म्या पाह्यलं," ती म्हणाली. "नाई लागला हात."

"मंग ऊठ काऊन म्हटलं?"

जिजाबाई चुन्याच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

सुलोचना म्हणाली, "तू उलटी बसली, माय. बाजूच्या चौकोनात तोंड तिकडं करा लागते."

जिजाबाई सरकत सरकत वळली. आता पोरीचं तोंड तिला दिसत नव्हतं. समोर शाळेच्या व्हरांड्यात निवडलेल्या मुली गूळ-दाणे खात उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघत, दोन्ही हात मातीत टेकवून ती बसून राहिली.