एकास दहा पाणी

पानाची कड करपलेली, टोकापासून आत, विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारखी... ओढावंही लागलं नव्हतं, देठासकट सुटून तिच्या हातात आलं होतं. खाली कुंडीभर अशीच पानं. मोसंबी पुरती बोडकी. शेजारच्या लिंबाच्या शेंड्याला चार हिरवी उरलेली.

चार वाजता नवरा चाकांची खुर्ची घेऊन येणार होता, आणि आठ महिन्यांनी सासूबाई या मागच्या गॅलरीत येणार होत्या.

आठ महिने त्यांनी आतल्या खोलीत पडल्या पडल्या, तिला सांगून सांगून ही झाडं वाढवली. पेंड भिजत घालायची, केळ्याची सालं चिरून टाकायची, आठवडाभर रोज काठीनं ढवळायचं. नंतर गाळून, एक मग खताला दहा मग पाणी. ‘‘दहा म्हणजे दहा हं. भाजीत मीठ टाकतेस तसं नको.’’ आणि रोज संध्याकाळी, ‘‘पानं कशी आहेत गं?’’

‘‘हिरवीगार.’’

‘‘उपाशी नाही ना ठेवलीस?’’

‘‘तुमच्याआधी जेवतात ती.’’

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार — चादर दोनदा बदलून झालेली, तिसऱ्यांदा हाक आलेली, आणि आधी हे एकदाचं उरकू म्हणून तिनं ते दाट, उग्र पाणी तसंच दोन्ही कुंड्यांत ओतलं. दहा मग पाणी विसरले... विसरले? नळ हाताशी होता. बादली उपडी करून तळाचा गाळसुद्धा झटकला मी. विसरलेलं माणूस गाळ झटकतं? दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी सोडून माती धुता आली असती. तेही केलं नाही. किती करपलं ते मात्र रोज येऊन पाहिलं.

ऊन लागलं म्हणता येईल. कीड म्हणता येईल. पण त्या मातीचा वास घेतील...

‘‘आई, आज नको बाहेर. वारा आहे.’’

‘‘आठ महिने वारा नाही खाल्ला, तुझी बोलणी खाल्ली. केस विंचर माझे. झाडांसमोर अशा अवतारात जाऊ?’’

ती विंचरू लागली. विरळ केस, मऊ पडलेली टाळू. मान धरवत नव्हती म्हणून त्यांनी ती निःशंकपणे तिच्या तळव्यावर सोडून दिलेली. दाराशी चाकं वाजली. आता छातीत धडधडेल, असं तिला वाटलं होतं. धडधडलं नाही. झाडं दिसतील त्या क्षणी हा चेहरा कसा होईल, एवढंच तिला बघायचं होतं... आणि हे लक्षात आल्यावर मात्र तिचा हात थांबला.

‘‘काय झालं गं?’’

‘‘काही नाही,’’ ती म्हणाली, आणि त्या मानेचं वजन पहिल्यांदाच तिला जड लागलं.