खाणीशी जुळतंय

चष्मेवाली बाई दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. त्यामुळे त्या संध्याकाळी समोर काहीतरी विचित्र दिसलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर चष्मा काढून पदरानं पुसला.

झालं असं, की ती आणि तिचा नवरा नणंदेकडून परत येत होते. ऊन उतरलं होतं, उजेड होता, आणि तलावाच्या वळणावर गाडीचा टायर बसला. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामातला, हात काळे करायची त्याला सवयच. तो जॅक लावून खाली बसला आणि ही पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. समोरच्या काठावर विजेच्या खांबांची रांग होती. दोन खांबांच्या मधे, तारांच्या जरा वर, काहीतरी राखाडी होतं. ओल्या पाटीसारखं. खांब कापून ठेवल्यासारखे स्वच्छ दिसत होते आणि ते तेवढं मात्र कडांना विरघळल्यासारखं. तिनं चष्मा पुसून परत घातला. खांब स्वच्छच, ते धूसरच.

"अरे, ते बघ."

नवऱ्यानं मान वर केली. "काय आहे ते?" म्हणाला, आणि दोघं बघत असतानाच ते तिथे नाहीसं झालं. उडून गेलं नाही, विझलंही नाही. होतं, मग नव्हतं. आवाज म्हणाल तर काठावरच्या बेडकांचा, बाकी काही नाही.

ही गोष्ट तिथेच संपली असती. पण नवऱ्याला पोटात काही ठेवता येत नाही. त्यानं कामावर सांगितलं, तिथून ती पसरली, आणि आठवड्याभरात आकाशातल्या अज्ञात वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, की दोघांनी येऊन सगळं सांगावं.

अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, बोलायला अगदी लाघवी. माघारी त्यांना सगळे खाणसाहेब म्हणत, कारण कुठूनही सुरुवात केली तरी ते खाणीवर येऊन थांबत. चाळीसेक वर्षांपूर्वी एका दगडाच्या खाणीवर तीन कामगारांनी भरदुपारी आकाशात काही पाहिलं होतं. तीन दिवे, त्रिकोणात, आणि दातांत जाणवेल अशी गुणगुण. त्या घटनेवर पुस्तकं झाली होती, परिषदा झाल्या होत्या. मंडळाच्या खोलीत शिरल्या शिरल्या समोरच त्या तीन दिव्यांचं भलंमोठं चित्र होतं, आणि साक्षीदाराची खुर्ची बरोबर त्याच्यासमोर मांडलेली.

"दिवे तीन होते ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिवे नव्हते," चष्मेवाली म्हणाली.

"बरं. म्हणजे तुम्हाला मोजता आले नाहीत. आणि आवाज? हलकीशी गुणगुण होती ना?"

तिच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. ज्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे ती डोळे तपासायला शिकली, त्यांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता, की प्रश्नात 'ना' घालायचा नाही. 'ही काच बरी की ती?' असं विचारायचं. 'ही बरी ना?' म्हटलं की समोरचा माणूस हो म्हणतो, चुकीचा नंबर घेऊन जातो आणि वर डोकं दुखतं म्हणून आपल्याशीच भांडायला येतो. खाणसाहेबांच्या तर प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'ना' होता.

"तुम्ही चित्र आधी दाखवता आणि मग विचारता," ती म्हणाली.

अध्यक्ष हसले. "अहो बाई, पट्टी नको का काहीतरी? खाणीची घटना म्हणजे शंभर नंबरी सोनं. तिच्याशी जुळलं ते खरं, न जुळलं ते विमान, फुगा, नाहीतर थापा."

"आणि त्या तिघांना कधी भेटता येईल?"

"दोघं गेले. तिसऱ्या बाई आहेत, पण त्यांचं आता डोकं ठिकाणावर नाही. कुणाला ओळखत नाहीत."

मग नवऱ्याला एकट्याला आत बोलावलं. तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा हातात एक जाड पुस्तक होतं आणि चेहरा लग्नातल्या फोटोसारखा खुलला होता.

त्यानंतर घरात रोज नवीन काहीतरी उगवायला लागलं. भाजी निवडताना नवरा म्हणायचा, "तुला आठवतंय, जॅकचा दांडा हातात थरथरत होता?" दाढी करता करता आरशातून सांगायचा, "एक दिवा तर नक्की होता बघ, डावीकडे." पुढच्या आठवड्यात दिवे दोन झाले. तिसरा उगवला तेव्हा मात्र तिचा संयम सुटला.

"अरे, तू वर बघून 'काय आहे ते' म्हणालास. तेवढंच म्हणालास!"

"तू चष्मा पुसत होतीस. तुझ्या नजरेतून सुटलं असेल."

हे तिला बोचलं. कारण क्षणभर तिलाही वाटलं, खरंच सुटलं असेल तर? दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर काचा बदलता बदलता ती मधेच थांबायची आणि पाटीसारख्या त्या राखाडी तुकड्यात दिवे होते का, ते आठवून बघायची. गंमत अशी, की शोधलं की ते दिसायचे. ती घाबरून दुसरंच काही आठवायला लागायची. आता तिचा संशय खाणसाहेबांवर होता, नवऱ्यावर होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःवरही होता.

शेवटी तिनं मंडळाच्या चिटणीस बाईंना गाठलं. त्या पोस्टात होत्या. आडवळणानं विचारायला गेली, तर त्या सरळच म्हणाल्या, "खाणीवरच्या मावशी? डोकं ठिकाणावर नाही? कुणी सांगितलं? परवाच तर मला पत्त्यांत हरवलं त्यांनी." आणि पत्ता सांगून मोकळ्या झाल्या.

मावशी भाचीकडे राहायच्या, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालची यंत्रं चालू असली की जमीन हलायची. लहानखुरी म्हातारी, नजर मात्र तेज. तरुणपणी त्या खाणीवरच्या वजनकाट्यावर होत्या, दगडांनी भरलेले ट्रक तोलायच्या. चष्मेवाली येऊन बसली तशी त्यांनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं.

"माझं ऐकायला आलीस की तुझं सांगायला?"

"माझं सांगायला," ती म्हणाली, आणि सांगितलं. पाटी, खांब, कडा, बेडूक. मावशी पुढे वाकून ऐकत होत्या. मधे एकदाही बोलल्या नाहीत. ती थांबली तेव्हा म्हणाल्या, "आणखी?"

"आणखी काही नाही."

मावशींनी सुस्कारा सोडला आणि मान हलवली. "नाही गं बाई. माझं असं नव्हतं. माझे दिवे होते, लख्ख. डोळे दिपले. आणि आवाज होता. तुझं काहीतरी निराळंच आहे."

चष्मेवालीला एकदम मोकळं वाटलं. इतक्या दिवसांत 'नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस.

"तुम्हाला वाईट वाटलं का?" तिनं विचारलं.

"वाटणारच. आमचे ते दोघे गेल्यापासून मी एकटी पडले. मंडळाच्या त्या अध्यक्षाकडची माणसं यायची आधी, किती जण आले. प्रत्येक वेळी वाटायचं, यानं तेच पाहिलं असेल, आता कुणाशी तरी बोलता येईल. पण एकाचंही जुळलं नाही. मी सांगायचे त्याला, नाही रे बाबा, हे ते नव्हे. तो म्हणायचा, मावशी, तुम्ही विसरलात. मग त्यानं माणसं आणायचंच बंद केलं."

"पण पुस्तकात तर सगळे जुळतात."

"पुस्तक त्याचं आहे," मावशी म्हणाल्या.

मंडळाच्या वार्षिक सभेत नवऱ्याचं भाषण होतं. सभागृह भरलं होतं. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो फार छान बोलला, हे तिलाही कबूल करावं लागलं. तीन दिवे, त्रिकोण, दातांत गुणगुण. टाळ्या पडल्या. खाणसाहेब माइक घेऊन तिच्याकडे वळले. "बाई, तुम्हीही तिथेच होतात. गुणगुण तुम्हालाही ऐकू आली ना?"

ती उभी राहिली. 

"नाही. मला बेडूक ऐकू आले. दिवे मला दिसले नाहीत. जे दिसलं ते काय होतं, मला माहीत नाही. मी खाणीवरच्या मावशींना भेटले. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही नेलेल्या एकाचंही त्यांच्याशी जुळलं नाही, असं त्या सांगतात. हे तुम्ही कुठे छापलंत, सर?"

खाणसाहेबांचा चेहरा उतरला. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण ते एकदम थकल्यासारखे दिसले. "मी दुसऱ्या दिवशी पोचलो होतो खाणीवर," ते म्हणाले, तिच्याशी की स्वतःशी, कळलं नाही. "एक दिवस आधी पोचलो असतो तर..." मग घसा साफ करून त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाईंनी स्वतःचा नंबर तपासून घ्यावा!" आणि हशा पिकला.

घरी दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी नवरा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "मी खोटं बोललो नाही गं. मला खरंच ऐकू येतं आता. लिफ्टच्या खोलीत एकटा असलो की जास्तच. मला त्या मावशींकडे ने."

ती घेऊन गेली. मावशींनी त्याचंही सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गुणगुण कशी होती, करून दाखव बघू."

त्यानं ओठ मिटून आवाज काढला. मावशी हसल्याच. "अरे, ही तर विजेची मोटार आहे! माझा आवाज असा नव्हता रे. माझा जाडा होता, थांबून थांबून येत होता." आणि त्यांनी डोळे मिटून तो काढून दाखवला. चष्मेवालीच्या अंगावर सरसरून काटा आला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. असलं काही त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं, हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

 जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला.

"माझं सगळं पुस्तकातलंच आहे मग," तो म्हणाला. "त्याच्याखालचं खरं काय होतं, ते आता सापडतच नाही मला." मग त्यानं वर बघितलं. "तुला काय दिसलं होतं?"

हे त्यानं तिला आजवर एकदाही विचारलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि सांगू लागली. समोरचा काठ, तारा, ओल्या पाटीसारखा रंग. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की आपण त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतोय, त्याला पटतंय का ते शोधतोय, आणि तसतसे शब्द निवडतोय. तिची जीभ अडखळली. तिनं नजर खाली, रस्त्यावर वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.