झेंडूवाल्यांचा कॉम्प्युटर

मी झेंडूवाल्यांच्या घरातला कॉम्प्युटर बोलतोय. पटकन ऐका बरं का, उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे आणि माझा जीव नुसता खालीवर होतोय.

मखमलाबादच्या या घरात मी आलो तेव्हा कुंदन आठवीत होता. त्याच्या वडिलांनी, लहानूअण्णांनी, फुलांच्या टेम्पोतून मला आणलं. मॉनिटर तर मांडीवर धरून! अख्खी गल्ली बघायला लोटली. कुंदनच्या आईनं, छायाबाईंनी, मला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. चपला दाराबाहेर काढायच्या, माझ्याजवळ पाणी प्यायचं नाही, काय थाट होता माझा! कुंदन आणि त्याची बहीण सुवर्णा गाड्यांच्या शर्यती खेळायची आणि आता कुणाचा नंबर यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायची. मला ती भांडणं फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

अण्णांनी मात्र मला कधी हात लावला नाही. दारात उभं राहून बघायचे. मातीचे हात, बिघडून जाईल, म्हणायचे. अरे देवा, मी काय लोण्याचा होतो?

पुढं लॅपटॉप आला, मोबाईल आले. माझ्यावर आधी घड्या घातलेले कपडे आले, मग फुलांची रिकामी पोती. कुंदन आता गंगापूर रोडला नोकरीला आहे. घरी मित्र आले की जुन्या कॉम्प्युटरच्या आठवणी रंगवून रंगवून सांगतो, आणि मी तिथंच कोपऱ्यात धूळ खात पडलोय ते त्याला दिसत नाही. माणसांचं हे असंच असतं बघा.

आज दसरा. अण्णा पहाटेच झेंडू घेऊन बाजारात गेले. ती संधी साधून कुंदननं भंगारवाल्याला बोलावलं. छायाबाईंनी काय करावं? खुरपी, कात्री, फवारणीचा पंप पूजेला मांडला होता, त्यांच्या ओळीत मला नेऊन बसवलं आणि हळदकुंकू वाहिलं. पूजेतली वस्तू दसऱ्याला घराबाहेर काढायची नाही, म्हणाल्या. भंगारवाला उद्या येतो म्हणून गेला. कुंदनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी अण्णा परतले, त्यांना सगळं कळलं. रागावले नाहीत. सोनं वाटून झालं, पूजा उतरवली, तेव्हा हळूच म्हणाले, "उद्या दे खुशाल. पण मला एकदा बसू दे याच्यापुढं. लय वर्षं मनात हाय."

कुंदननं वायरी जोडल्या, खुर्ची पुसली, अण्णांना बसवलं. मी खडखडलो, धापा टाकल्या, आणि झालो एकदाचा सुरू!

"काय दाबू?" अण्णांनी विचारलं.

"काहीही दाबा, अण्णा."

त्यांचं बोट खाली आलंय आणि तिथंच अडलंय. "नको बाबा. बिघडलं म्हंजे?"

अहो अण्णा, उद्या भंगारात जायचंय मला. आता माझं काय बिघडायचं राहिलंय? दाबा ना!