बिनगोठ्याची कडबाकुट्टी

"गाय न्हाई, म्हैस न्हाई, बकरीचं शेपूट न्हाई. अन् म्हणे कडबाकुट्टी. आता कडबा मीच खाते अन् मीच हंबरते."

बेबीनंदा भांडी घासता घासता पुटपुटत होती. तिच्या माझ्या घरात एकच भिंत, तीही पत्र्याची. तिकडं चमचा पडला तर इकडं कळतं चहाचा का भाजीचा. बेबी माझी धाकटी जाऊ. तिला भांडायचं असलं की ती आधी भांड्यांशी भांडते, माणसाचा नंबर मागून लागतो.

मी बाहेर येऊन पाहिलं तर खरंच. तिच्या दारात, रांजणाशेजारी, नवीकोरी हिरवी कडबाकुट्टी उभी. पात्यावर दुकानातलं तेल तसंच. मोटर होती, मोटरीचा पट्टा नव्हता. असता तरी काय? आमच्या मीटरवर पंखा अन् मिक्सर एकदम चालत नाही, ही चारा कापणारी कधी चालायची.

देवानंद भाऊजी ओट्यावर उन्हाला बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा. त्या हाताला आता करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट, एवढंच.

"काल सांजच्याला टेम्पोत आली," ते म्हणाले. "शेठनं मदत धाडली म्हणे. आता म्हशीची वाट बघून राह्यलो, शालूवहिनी."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात. हे घोडं व्याह्यानं नाही, मेव्हण्यानं आणलं होतं. नागसेन, बेबीचा थोरला भाऊ. वाटूर फाट्याच्या अलीकडं जी जिनिंग आहे, तिथं तो मुकादम. कापसाचा हंगाम आला की आमच्या गल्लीतली तीस-बत्तीस माणसं त्याच्या शब्दावर जिनिंगला जातात. मीही जायची, कापसातला कचरा निवडायला. त्यामुळं नागसेनला गल्लीत कुणी वाकडं बोलत नाही. बेबी तर नाहीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

हात गेला तो डिसेंबरात. काळ्या रानातल्या पऱ्हाट्या पांढऱ्या फटक झाल्या होत्या, जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. असा माल आला की मशीनला उसंत नसते. रोलरमधी कापूस अडकला तर मशीन बंद करावी असा बोर्ड लावलाय, मोठ्या अक्षरात, मी वाचलाय. पण बंद करायची तर फोरमनला सांगा, त्यानं वर सांगावं, तोवर मागं ढीग, अन् ढीग झाला की शिव्या. म्हणून सगळेच चालू मशीनमधी हात घालून कापूस ओढतात. त्या दिवशी मशीननं भाऊजींना ओढलं.

मी दहा पावलांवर होते. हाताभोवती काय गुंडाळावं? चहूकडं कापूसच. तीच रुई मुठी-मुठीनं लावली, अन् लावली तशी लाल झाली. जीपमधी मागं मी, मांडीवर भाऊजींचं डोकं, पुढं नागसेन. जालन्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कसं झालं, कुठं झालं. अन् कागदावर लिहिल्या गेलं की राहत्या घरी कडबाकुट्टीत हात गेला.

लिहिल्या गेलं, असंच म्हणू.

दोन महिने पट्ट्या झाल्या. दवाखान्याचा खर्चा शेठनं दिला, त्याला नाव ठेवायचं नाही. पण मागून भाऊजी जिनिंगवर गेले तर फाटकावरच सांगितलं, देवानंद नावाचा माणूस आमच्या हजेरीत न्हाई. हजेरीची वही नागसेनकडं, अन् नागसेनची वही, काय सांगावं, पावसात भिजली म्हणे. फेब्रुवारीत. त्या फेब्रुवारीत आमच्या गावावरून ढगाची सावलीसुद्धा गेली नव्हती.

मंग आम्ही जालन्याला प्रियदर्शनी वकीलबाईंकडं गेलो. तरणी पोर, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. भाऊजींनी बसल्या बसल्या कबुली दिली, "ताई, चूक माझीच व्हती. बोर्ड लावेल व्हता."

बाईंनी पेन खाली ठेवला. "चूक कुणाची, हे हा कायदा विचारतच नाही, काका. काम त्यांचं होतं आणि ते काम करताना हात गेला, एवढं सिद्ध झालं की मालकाला भरपाई द्यावी लागते. मध्ये मुकादम असला तरी मालक सुटत नाही."

भाऊजींना ते पटेना. परतीच्या एसटीत दोनदा म्हणाले, "चूक न्हाई म्हणजे कसं? हात तर मीच घातला ना." गरिबाला आपली चूक सोडवत नाही. जन्मभर तेवढीच एक गोष्ट त्याच्या नावावर असते.

बाईंनी जिनिंगला रजिस्टरनं नोटीस पाठवली. आठ दिवसांनी कडबाकुट्टी आली.

कडबाकुट्टीसंगं मोबाईलवाला एक माणूस आला होता, ते बेबीनं मला त्या सकाळी सांगितलं. आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगते. मदत आली की फोटो निघतो. शिलाई मशीन मिळाली, फोटो. पुरात गव्हाचं पोतं मिळालं, फोटो. मदत लहान असली तर फोटो जास्ती. त्यामुळं तो माणूस म्हणाला, ताई जरा सरका, घराचा नंबर येऊ द्या, तर बेबी पदर सारखा करून सरकली. म्हणाला, दाजींना पण घ्या. तर भाऊजी कडबाकुट्टीला टेकून उभे राहिले, अन् दुखणं नीट दिसावं म्हणून कापलेला हात वर धरला. हात दाखवून अवलक्षण ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती. अशी डोळ्यांदेखत पहिल्यांदाच बघितली.

तो फोटो कोर्टात आला. जिनिंगच्या जबाबाला जोडून. खाली लिहिलेलं, अर्जदार आणि त्याच्या राहत्या घरातील कडबाकुट्टी.

त्यानंतर वर्ष गेलं. कसं गेलं ते चपलांना विचारा. आधी हात किती गेला याचं सर्टिफिकेट. सरकारी दवाखान्यात तीन चकरा. एकदा हाडाचे डॉक्टर सुट्टीवर, एकदा मशीन बंद, एकदा सगळं चालू तर आमचं आधार कार्ड घरी. शेवटी लिहून मिळालं, चाळीस टक्के. भाऊजी कागद बघून हसले.

"दहावीला पस्तीस पडले न्हाईत. हाताला चाळीस पडले. पास झालो, वहिनी."

हसले ते तेवढेच. रेशनच्या दुकानात मशीनवर उजवा अंगठा लावायची सवय, नुसता तळवा तिकडं न्यायचे अन् परत आणायचे. डाव्या हातानं भाकरी मोडताना भाकरी फिरायची. बेबी तुकडे करून द्यायला गेली की ताट सारायचे. तारखेला कोर्टात जायचं, उन्हात लिंबाखाली बसायचं, अन् दुपारी कळायचं, पुढची तारीख. बेबी म्हणायची, "आमच्या कडबाकुट्टीवर कोंबडी बसाया लागली, पिल्लं निघली, पिल्लांची अंडी आली. तुमच्या तारखेला काय निघून न्हाई राह्यलं."

अधूनमधून नागसेन यायचा. बहिणीच्या घरचा चहा प्यायचा, कडबाकुट्टीकडं पाठ करून. मिटवून घ्या म्हणायचा. गल्लीच्या चुली तिथल्या कामावर हायेत, एका हातापायी साठ हात रिकामे करू नका. हे तो भाऊजींना सांगायचा, पण बघायचा माझ्याकडं. माझी प्रीती तिथं काट्यावर होती. गाड्या वजन करून कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या काढायचं काम, पंख्याखाली, खुर्चीवर. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून कुणी कमावलं असेल तर ती पहिली. नोटीस गेल्यावर मला निवडायच्या कामावरून काढलं, प्रीतीला काढलं नाही. का काढलं नाही, ते मला बराबर कळत होतं. बैल सोडून दिला तरी दावं हातात ठेवतात.

अन् मंग दवाखान्याच्या त्या पहिल्या कागदाची नक्कल आली.

वकीलबाईंच्या टेबलावर आम्ही तिघं वाकून बघत होतो. मधी लिहिलेलं, राहत्या घरी कडबाकुट्टीत. खाली, माहिती देणाऱ्या नातेवाईकाची सही. शालू. लूचा उकार मांजराच्या शेपटीसारखा लांब ओढलेला.

मी शाळेत गेले नाही. प्रीती पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावर मीही गिरवलं. ती चौथीत गेली तोवर मी पेपर वाचायला लागले, अन् गल्लीत अंगठ्याऐवजी सही करणारी माझ्या वयाची मी एकटी. बचत गटात, ग्रामसभेत, कुठंही कागद आला की मी पदराला हात पुसायची अन् ती शेपटी ओढायची. बेबीला वाचता येत नाही, पण ती शेपटी तिला लांबूनही ओळखू येते. तिनं बोटानं ती दाबून धरली. भाऊजी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

वकीलबाईंनी घाईनं वाट काढली. "गडबडीत, न वाचता सही केली असेल. रक्त वाहतंय, माणूस वाचायला बसतो का? कोर्टात तेवढंच सांगायचं, मावशी. कागद वाचला नव्हता."

मी मान हलवली नाही अन् नाहीही म्हणाले नाही. त्यांनी ते हो म्हणून धरलं. घरी येताना बेबी एसटीत माझ्या शेजारी बसली नाही. पण दुसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडून तिचं पुटपुटणं ऐकू आलं. "न वाचता केली असंल. न वाचताच केली असंल." कढईवर चार घासे जास्ती बसत होते.

गल्लीनं पण तेच धरलं. बिचारी शालू, घाबरून सही केली. त्या एका वाक्यात सगळ्यांची सोय होती. नागसेनचं नाव निघत नव्हतं, बेबीचं माहेर तुटत नव्हतं, माझा दोष राहत नव्हता. फक्त मला वाचता येत नव्हतं, एवढंच त्यात होतं.

माझ्या साक्षीची तारीख एप्रिलात लागली. रस्त्याकडंची रानं नांगरून पडलेली, ढेकळं तापून विटांसारखी. कोर्टात पंखा फिरत होता पण वारा न्यायाधीश साहेबांपुरताच. आमच्या बाजूला भाऊजी अन् बेबी. तिकडच्या बाकावर जिनिंगचा मॅनेजर, त्याच्या शेजारी नागसेन, पायातल्या चपलेकडं बघत.

सकाळी निघताना प्रीती डबा भरून कामावर चालली होती. मी तिला आदल्या रात्रीच विचारलं होतं, उद्या मी काही बोलले तर तुझी खुर्ची जाईल. त्याचं उत्तर तिनं आता, डब्याचं झाकण लावता लावता दिलं. म्हणाली, "आई, त्या काट्यावर मी रोज बघते. गाडी खरी किती भरली ते बिलकुल लपत न्हाई." एवढंच. पोरीला मी वाचायला शिकवलं का तिनं मला, हा हिशोब आमच्यात कधी लागला नाही.

जिनिंगचे वकील वयानं मोठे, आवाज गोड. त्यांनी तो कागद माझ्यापुढं धरला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"जबरदस्तीनं घेतली?"

"न्हाई."

वकीलबाई माझ्याकडं बघत होत्या. पुढचा प्रश्न त्यांना माहीत होता, मलाही.

"तुम्हाला वाचता येतं?"

बेबीचा हात पदरात गोळा झाला. नागसेननं पहिल्यांदा चपलेवरून नजर उचलली. दवाखान्याची ती खिडकी माझ्या डोळ्यांपुढं आली. नागसेन माझ्या कानाशी म्हणत होता, जिनिंग लिवली तर पोलीस येतील, तोवर डॉक्टर हात लावणार न्हाईत. अन् जरा थांबून, अजून हळू, प्रीतीला लागून आठच दिवस झालेत, ताई. मी कागद उजेडाकडं धरला होता. पदराला हात पुसला होता.

"येतं," मी म्हणाले.

"मग वाचून सही केली?"

"वाचून केली."

वकील साहेब न्यायाधीशांकडं वळले अन् किंचित झुकले. त्यांचं काम झालं होतं. "म्हणजे यात लिहिलेलं खरं आहे."

"खोटं हाय, साहेब. खोटं हाय हे वाचलं, अन् मंग सही केली."

ते थांबले. मी थांबले नाही. थांबले असते तर परत लिहिल्या गेलं असतं.

"हात जिनिंगमधी गेला, माझ्यादेखत. कडबाकुट्टी आमच्या नागसेननं सांगितली, तिथं त्या बाकावर बसलाय त्यानं. अन् माझी पोरगी काट्यावर ऱ्हावी म्हणून मी सही केली. गल्लीला म्हाईत हाय, बेबीच्या भावाला म्हाईत हाय, बेबीलाबी म्हाईत हाय. हे लिवा. अन् लिवून झालं की कागद माझ्याकडं द्या, साहेब. मी वाचते, मंग सही करते."