बिनफोटोची आई

नेकनूरच्या बसस्टँडसमोर बंकट पेंटरचं दुकान आहे, आणि त्या दुकानात आजवर एकही जिवंत माणूस स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसलेला नव्हता. इकडची रीतच तशी. माणूस गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आत त्याचं चित्र भिंतीवर लागलं पाहिजे, पण तो असेपर्यंत लागता कामा नये. त्यामुळं बंकटनं पस्तीस वर्षांत पंचक्रोशीतली गेलेली माणसं तेवढी रंगवली, तीही आधारकार्डावरून नाहीतर लग्नाच्या अल्बमावरून. काळ्यांना त्यानं गोरं केलं, बोडक्या डोक्यांवर फेटे चढवले, आणि एकच करडा कोट निदान दोनशे जणांच्या अंगात घातला. तक्रार कुणी केली नाही. उलट ‘आण्णा अगदी असेच दिसायचे’ म्हणून लोक डोळे पुसायचे, आणि आण्णांनी जन्मात कोट घातलेला नसायचा.

ही विद्या त्यानं बीडमध्ये एका म्हाताऱ्या उस्तादांकडून उचलली होती. उस्ताद सांगायचे, निजामाच्या राज्यात चित्र निघायचं ते जहागीरदाराचं. तो आठ-आठ दिवस गादीवर बसायचा, चित्रकार समोर बसायचा, आणि चित्र होईतो दोघांची चांगली ओळख होऊन जायची. मग कॅमेरा आला आणि समोर बसणं संपलं. त्याच कॅमेऱ्यामुळं कुणब्याच्या घरातही चित्र पोचलं, हे उस्ताद कबूल करायचे. पण समोर बसवून काढलेल्या चेहऱ्याची गोष्टच और, असं म्हणून ते विडी पेटवायचे. आता तर कॉम्प्युटरवाले पाच मिनिटांत फोटो मोठा करून देत होते आणि बंकटकडं वर्षाकाठी तीन-चारच कामं येत होती.

फाल्गुनातल्या एका सकाळी त्या दुकानात दगडाबाई येऊन उभी राहिली. कपिलधारच्या बाजूला डोंगरावर तिची मेंढरं असतात. वय साठीच्या पुढं, हातात काठी, कपाळावर हिरवं गोंदण.

“आईचं चित्र काढायचं हाय,” ती म्हणाली.

“फोटो आणलाय का?”

“फोटो न्हाई. कुणी काढलाच न्हाई कधी. मी चार वर्साची व्हते तवा गेली ती.”

“मग कशी दिसायची ते सांगा.”

“तेच तर आठवत न्हाई,” दगडाबाई म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. “लेकानं नवं घर बांधलंय. भितीवर सासू हाय, सासरा हाय, मालक हायेत. माझं कुणीच न्हाई. माय सपनात येती, हाक मारती, पर तोंडच नसतं तिला. मरायच्या आदी एकडाव बघायचंय.”

बंकटची स्वतःची आई जाऊन दहा वर्षं झाली होती, पण डोळे मिटले की ती लख्ख समोर यायची.

“कशावरनं काढू मग?” त्यानं विचारलं.

“माझ्यावरनं. सुंदरमावशी म्हणती, मी हुबेहूब आईवर गेलेय.”

बंकटनं दाराजवळच्या उजेडात स्टूल ठेवलं आणि तिला बसवलं. पहिल्या दिवशी त्याचा हातच चालेना. फोटो कसा गुमान पडून असतो. ही बाई नाक खाजवायची, मध्येच मान वळवायची, मेंढरांच्या काळजीनं उठून उभी राहायची.

“असं टकामका काय बघता, पेंटर? लाज वाटती मला,” ती म्हणाली. “आमच्या मालकानं चाळीस वर्सात येवढं बघितलं न्हाई.” आणि आपल्याच बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसली.

रोज सकाळी ती यायची. हळूहळू बोलायला लागली. तिच्या आधीची दोन पोरं गेली होती, म्हणून आईनं तिचं नाव दगडा ठेवलं होतं, कुणाची नजर लागू नये म्हणून. “मला जगिवलं अन् आपुन गेली,” ती म्हणाली तेव्हा बंकटचा ब्रश हवेतच थांबला. मेंढरांबद्दल बोलताना तिची डावी भुवई वर जायची आणि आईबद्दल बोलताना तोच चेहरा एकदम निवळायचा. एकाच माणसाला इतके चेहरे असतात, हे बंकटला साठाव्या वर्षी कळलं. त्याला वाईट वाटलं, आणि आपण अजून काही शिकू शकतो याचा आनंदही झाला.

सवयीनं तो गोंदणावर गोरा रंग फिरवायला गेला, तर तिनं अडवलं. “ऱ्हाऊ द्या. आईलाबी व्हतं म्हणत्यात.”

आठव्या दिवशी चित्र झालं. डोक्यावर पदर, पांढरे केस, सुरकुतलेला मायाळू चेहरा. दगडाबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हात जोडले आणि चित्रासमोर फरशीला डोकं टेकलं. बंकटची छाती फुगली.

दोन दिवसांनी ती मावशीला रिक्षात घालून घेऊन आली. सुंदरबाई ही तिच्या आईची धाकटी बहीण, पंचाहत्तरीला आलेली, पण नजर अजून शाबूत. तिनं चित्र बघितलं, मग दगडाबाईकडं बघितलं.

“ही कोण म्हातारी?”

“आई न्हवं का, मावशे.”

“आक्का कवा म्हातारी झालती?” सुंदरबाई म्हणाली. “बाळातपणात गेली ती. तेवीस वर्साची व्हती. डोक्यात एक पांढरा केस न्हवता.”

बंकट शरमेनं खाली बघत होता. पस्तीस वर्षांत त्याच्याकडं आलेली प्रत्येक आई म्हातारी होती, म्हणून त्यानं ही पण म्हातारी केली. वय विचारायचं त्याला सुचलंही नाही. दगडाबाईला तर आई बाळंतपणात गेल्याचं तोंडपाठ होतं. पण आई लेकीपेक्षा मोठी असते, एवढंच तिच्या मनानं धरलेलं. ती स्वतः म्हातारी होत गेली तशी मनातली आईही पुढं पुढं म्हातारी होत गेली.

“मग आता न्हाई दिसायची का मला?” तिनं विचारलं.

“बसा स्टुलावर,” बंकट म्हणाला आणि त्यानं कोरा कॅनव्हास लावला.

कातडी म्हातारी होते, हाडं होत नाहीत, असं उस्ताद म्हणायचे. त्या भरवशावर त्यानं दगडाबाईच्या तोंडावरची चाळीस वर्षं एकेक करून उतरवायला घेतली. सुंदरबाई त्याच्या पाठीशी बसून राहिली.

“गाल भर जरा. व्हट हेच, असेच.”

“दागिने कोणते घालू?”

“कुठले दागिने? काळी पोत व्हती नुसती.”

“रंग?”

“काळीसावळी. गोरी करशील तर वळकू यायची न्हाई.”

या खेपेला त्यानं काही गोरं केलं नाही, काही चढवलं नाही. सहाव्या दिवशी तो डोळ्यांच्या कडा ओढत असताना मावशीच्या सूचना एकाएकी थांबल्या. त्यानं मागं वळून बघितलं. सुंदरबाई चित्राकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“आक्का,” ती म्हणाली.

दगडाबाईला स्टुलावरून कॅनव्हासची पाठच तेवढी दिसत होती. बंकटनं बोलावलं, तरी तिला उठवेना. अठ्ठावन्न वर्षं जिची वाट बघितली ती चार पावलांवर होती. शेवटी काठी टेकत ती पुढं आली.

नमस्काराला उचललेले तिचे हात तसेच अधांतरी राहिले. समोर एक पोर होती. भरल्या गालांची, काळीसावळी, तिच्या नातीच्या वयाची.

“किती ल्हान व्हतीस गं तू,” दगडाबाई म्हणाली.

रंग अजून ओला होता. त्याला न शिवता तिनं दोन्ही तळवे त्या चेहऱ्याभोवती फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.