अनवरीबीचे हात

अनवरीबीचे हात खरखरीत होते, हिमरूच्या शाली विणणाऱ्या घरचे. आज भानुमतीचे केस पांढरे झालेत, निजामाचं राज्यही कधीच गेलं. पण कंबर धरली की तिला औरंगाबादेतले तेच हात आठवतात.

लग्न होऊन ती पाचोडहून शहरातल्या बेगमपुऱ्यात आली तेव्हा जेमतेम सोळाची. एरवी गुणाची पोर, आवाज म्हणून चढायचा नाही. पण बाहेरची झाली की मागच्या पडवीत भिंतीवर डोकं आपटायची, "मला विहिरीत ढकला" म्हणून रडायची. त्या दिवसांत तिला शिवायचं नाही, ताटसुद्धा लांबून सरकवायचं. मग पोरीला दुखतंय काय, हे कळणार कुणाला? न्हाऊन घरात आली की पुन्हा हसरी. झालं! भूत महिन्याच्या महिन्याला येतं आणि अंघोळीला भिऊन पळतं, असं शहाण्यासुरत्यांनी ठरवून टाकलं. सासरे दत्तोपंत कचेरीतले हुशार कारकून. त्यांनी फर्मानच काढलं, की आता न्हाली की पाचोडला सोडायची, कायमची. नवरा मुकुंद बापापुढं मान वर करत नसे.

टाकलेल्या बाईला माहेरी कसलं सुख! आपण वेड्याच आहोत असं भानुमतीलाही वाटू लागलं.

त्या दुपारी शेजारची अनवरीबी ताक मागायला मागच्या दारानं आली. तिला कुठलं सोवळं! ती थेट पडवीत भानुमतीजवळ बसली.

"काय व्हतंय गे बेटी?"

"भूत आहे म्हणतात."

"चुलीत गेलं तुझं भूत! दुखतंय कुठं, ते सांग."

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. भानुमतीनं पोट दाखवलं, कंबर दाखवली आणि ती हमसून हमसून रडली. अनवरीबीनं वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी दिली आणि कंबर चोळत बसली. हळूहळू पोरीचा डोळा लागला.

सासूबाई, यमुनाबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. अनवरीबी त्यांना म्हणाली, "दर्द है बाई. जिवाला खातं ते."

यमुनाबाई उंबरा ओलांडून आल्या. सुनेच्या उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवू लागल्या. त्या स्पर्शानं भानुमती जागी झाली, पण डोळे उघडायचा तिला धीर होईना. इतक्यात कचेरीतून परतलेले दत्तोपंत दारातूनच ओरडले, "अगं, विटाळ!"

"करीन अंघोळ," यमुनाबाई म्हणाल्या. "पोर कुठं जायची नाही. दर महिन्याला मीही देवाकडं मरण मागायचे आणि न्हाले की तुम्हाला गरम पोळी वाढायचे. कळलं होतं का तुम्हाला कधी?"