वाक्य पूर्ण होईपर्यंत

भाग्यश्री हिंगोलीची. दोन हजार चार साली ती कोथरूडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. बंगल्याचा वरचा मजला आणि सगळी मिळून चौदा माणसं. ती बोलताना अडखळायची, म्हणून पहिले दोन महिने कामापुरतंही बोलली नाही.

तिची टीम लीड अस्मिता. तिनं वेगळं काही केलं नाही. भाग्यश्रीचा शब्द अडकला की ती शांतपणे थांबायची. तिचं पाहून बाकीच्यांनाही तेच वळण लागलं. आमोदसारखा तिरकस माणूससुद्धा डबा खाताना भाग्यश्रीचं वाक्य संपेपर्यंत घास हातात धरून बसायचा.

वर्षभरात भाग्यश्री जर्मनीतल्या ग्राहकाशी फोनवर बोलू लागली. अडखळणं गेलं नव्हतं, त्याची धास्ती गेली होती. एकदा तिनं भर मीटिंगमध्ये आमोदची चूक दाखवली. "हिला बोलायला कुणी शिकवलं हो?" आमोद म्हणाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

मग कंपनी विकली गेली आणि सगळे हिंजवडीच्या मोठ्या ऑफिसात गेले. तिथं एकेका मजल्यावर तीनशे माणसं, आणि प्रत्येक कॉलची वेळ मोजलेली. नवे मॅनेजर रामदास सर भाग्यश्रीची वाक्यं स्वतःच पुरी करू लागले. महिन्याभरानं त्यांनी तिचे कॉल दुसऱ्याकडे दिले.

अस्मिता त्यांच्याकडे गेली. "सर, तिला थोडा वेळ मिळाला तर ती उत्तम बोलते. मी पाहिलंय."

"मॅडम, वेळ माझ्या हातात असता तर मी नाही म्हटलं असतं का?" ते खरं तेच बोलत होते. अस्मिताला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

पुढच्या आठवड्यात भाग्यश्री अस्मिताच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. अस्मिताचा कॉल दोन मिनिटांवर आला होता.

"ताई, मला ट... ट..."

"टेस्टिंगला जायचंय?" अस्मिता म्हणून गेली.

भाग्यश्रीनं होकारार्थी मान हलवली. आपण काय केलं ते अस्मिताच्या तेव्हा लक्षात आलं. "बस ना. नीट सांग मला."

"झालं की सांगून," भाग्यश्री म्हणाली. ते मात्र न अडखळता.

तिला देण्यासारखं अस्मिताकडे काहीच नव्हतं. तिनं बदलीच्या फॉर्मवर सही केली.

टेस्टिंगमध्ये ग्राहकांशी बोलावं लागत नव्हतं, आणि भाग्यश्रीचं काम चोख होतं. पुढच्या वर्षी तिला बढतीही मिळाली. अभिनंदन करायला अस्मिता तिच्या मजल्यावर गेली, तेव्हा शेजारच्या मुलीनं सांगितलं, "फार शांत आहे हो ती. स्वभावच तसा."